टेप कुठून धरायची

सहाव्या बैठकीचा वृत्तांत बैठक सुरू होण्याआधीच लिहून तयार होता. ड्रॉइंगच्या सरांनी तो मोत्यासारख्या अक्षरात लिहिला होता आणि सह्यांसाठी टेबलावर ठेवला होता. गणिताच्या बाईंनी खुर्चीत बसता बसता तो वाचला. ‘गटाने सखोल चर्चा केली. सर्वांनी मोकळेपणाने विचार मांडले.’ घड्याळात साडेतीनला पाच मिनिटं कमी होती. मिस्त्री अजून यायचे होते.

ही सुतारकाम शिकवणारी शाळा होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, एका वर्गात सव्वीस जण. सतराव्या वर्षी आलेली पोरं असायची, तशी घरदार सांभाळून आलेली मोठी माणसंही. शिकवायला तिघं. गणिताच्या बाई मापं आणि हिशेब शिकवायच्या, ड्रॉइंगचे सर नकाशे काढायला आणि वाचायला शिकवायचे, आणि कार्यशाळा मिस्त्रींची. शेवटच्या परीक्षेत प्रत्येकाला चार तासांत खिडकीची एक छोटी चौकट करून दाखवावी लागे. चार तुकडे, चार सांधे. काम साधं होतं. तरी गेली दोन वर्षं निम्म्याहून जास्त चौकटी जुळल्याच नव्हत्या.

म्हणून प्राचार्य मॅडम पाच दिवसांचं एक प्रशिक्षण घेऊन आल्या आणि येताना जाडजूड फाइल घेऊन आल्या. शिक्षकांनी दर मंगळवारी एकत्र बसायचं, एक प्रश्न ठरवायचा, त्याचा पुरावा गोळा करायचा, काही करून बघायचं, काय झालं त्यावर पुन्हा बसून विचार करायचा. फॉर्ममध्ये त्याचे पाच रकाने होते. खरं सांगायचं तर हे ऐकून शाळेत आनंद झाला होता तो एकट्या गणिताच्या बाईंना. बारा वर्षं त्या एकट्याच आपल्या वर्गात शिकवत होत्या, एकट्याच पेपर तपासत होत्या आणि एकट्याच चडफडत होत्या. चार डोकी एकत्र येतील तर काहीतरी उलगडेल, असं त्यांना मनापासून वाटलं होतं.

पाच मंगळवारांत ते वाटणं पार विरून गेलं. पहिल्या बैठकीत मुलांच्या मोबाइलवर बोलणं झालं. दुसऱ्या बैठकीत पालकांवर. तिसरीत, मुलांचा पायाच कच्चा असतो यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि चहा आला. चौथीत आणि पाचवीत पुन्हा मोबाइल. पहिल्या रकान्यात सरांनी लिहून टाकलं होतं, ‘विद्यार्थ्यांमध्ये एकाग्रतेचा अभाव.’ हा प्रश्न झाला की उत्तर, असं बाईंनी विचारलं होतं. सर हसून म्हणाले होते की दोन्हीकडे चालतं.

सर माणूस वाईट नव्हते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि तेवढ्यात कोणाशीही वाकडं येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. मिस्त्रींचं वेगळं होतं. तीस वर्षं लाकडात हात घातलेला माणूस. बैठकीला यायचे ते भुवयांवर भुसा घेऊनच, बसायचे दाराजवळच्या खुर्चीत, आणि एकूण या प्रकाराला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणायचे. ते चुकीचं म्हणत होते असंही बाईंना वाटेना, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

त्या दिवशी मॅडम दहा मिनिटं येऊन गेल्या. पुढच्या महिन्यात वरच्या कार्यालयातून लोक येणार होते, त्यांना फाइल बघायची होती, कुठलाही रकाना रिकामा दिसता कामा नये. त्या गेल्यावर सरांनी वृत्तांत पुढे सरकवला. मिस्त्रींनी न वाचता सही केली. बाईंनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं की न जुळलेली एक तरी चौकट आपल्यापैकी कोणी हातात घेऊन बघितली आहे का.

सर खिडकीबाहेर बघू लागले. मिस्त्री म्हणाले की ते रोजच बघतात. बाईंना बघायची असेल तर कार्यशाळेचं दार उघडंच आहे, फक्त येताना कागद आणू नका. बाईंना तो टोमणा वाटला. त्यांनी सही केली आणि उठून गेल्या.

घरी मोठी बहीण होती. दोघी एकत्रच राहायच्या. ताई हॉस्पिटलात वॉर्डाची मुख्य नर्स, आणि बोलायला काटकसरी. जेवताना बाईंनी सगळं भडाभडा सांगितलं. नमनालाच घडाभर तेल जातंय, काम कधी सुरू व्हायचं, असं म्हणाल्या. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्याकडेही चूक झाली की असंच गोल बसवतात आणि असाच फॉर्म असतो, असं ती म्हणाली. त्यात ‘नेमकं काय झालं’ हा एकच रकाना कामाचा, आणि लोक तो सोडून बाकीचे सगळे भरतात.

“मग तू काय करतेस?” बाईंनी विचारलं.

“मी कचऱ्याचा डबा बघते,” ताई म्हणाली. “कागद काय, लिहू ते सांगतो. काय वापरलं आणि काय वापरलं नाही, ते डब्यात असतं.”

दुसऱ्या दिवशी दोन तास मोकळे होते. बाई कार्यशाळेत गेल्या आणि बिघडलेले तुकडे कुठे टाकतात ते विचारलं. मिस्त्रींनी कोपऱ्यातली मोठी पेटी दाखवली. त्यातून पाचरी करायला लाकूड लागतं म्हणून ते काही फेकत नसत. ते पुन्हा रंध्याची पाती घासायला बसले आणि बाई छोट्या स्टुलावर बसून पेटी उपसू लागल्या.

मिस्त्रींचा एक नियम होता, तो आता कामाला आला. कापायच्या आधी प्रत्येकाने तुकड्यावर हवं ते माप पेन्सिलीने लिहायचंच. त्यामुळे तुकडा किती हवा होता आणि किती झाला, दोन्ही बाईंच्या समोर होतं. एकसष्ट तुकडे निघाले. बावीस चिरलेले किंवा फुटलेले होते, ते त्यांनी बाजूला ठेवले. उरलेले एकोणचाळीस आपल्या स्टीलच्या पट्टीने एकेक करून मोजले. कपड्यांवर भुसा बसला, बोटात लाकडाची एक कूस गेली. दहाव्या-बाराव्या तुकड्यानंतर त्यांनी आधीचे तुकडे परत मोजले, कारण आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटलं.

त्यांचं चुकत नव्हतं. चोवीस तुकडे एक सेंटिमीटरने आखूड होते. नऊ तुकडे एक सेंटिमीटरने लांब होते. सहाच तुकड्यांची चूक कशीही होती, कुठे चार मिलिमीटर, कुठे सात.

बाईंनी पट्टी खाली ठेवली. मूल लक्ष देत नसेल तर ते कसंही चुकेल, कधी थोडं, कधी फार. निष्काळजीपणा असा मोजूनमापून होत नसतो. हे शिकलेलं होतं. कोणीतरी हे शिकवलं होतं.

सातव्या बैठकीला त्या एक कागद घेऊन गेल्या. त्यावर आकडे होते आणि दुसरं काही नव्हतं. सरांनी तो उलटसुलट करून बघितला, चांगला आहे म्हणाले आणि ‘पुरावा’ या रकान्याला जोडायला पिनही काढली. मिस्त्री मात्र कागद गुडघ्यावर ठेवून पुन्हा पुन्हा वाचत राहिले. बाईंनी त्यांना विचारलं की कार्यशाळेत माप घ्यायला कसं शिकवता.

“एकपासून,” मिस्त्री म्हणाले. “टेपचा एकचा आकडा कडेला लावायचा. चाळीस हवं असेल तर एक्केचाळीसवर खूण करायची.”

इथे बाईंनी एक श्वास घ्यायला हवा होता. का, एवढं एका शब्दाचं विचारायला हवं होतं. पण सहा मंगळवारांचा राग जिभेवर येऊन बसला होता. “म्हणजे चूक इथेच आहे,” त्या म्हणाल्या. “मुलं एक मिळवायला विसरतात, नाहीतर शून्यावर धरूनही मिळवतात. मी वर्षभर शून्यापासून शिकवते आणि तुम्ही ते पुसून टाकता.”

मिस्त्रींनी कागदाची नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. ते आवाज न चढवता म्हणाले, “मी तीस वर्षं एकपासून मापतोय. माझी एक चौकट वाकडी दाखवा, बाई.” आणि ते निघून गेले. त्यांच्या खुर्चीवर थोडा भुसा राहिला.

सरांनी त्या दिवशीच्या वृत्तांतात लिहिलं, ‘चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडली.’

पुढचे दोन मंगळवार बैठकच झाली नाही. मॅडमनी बाईंना बोलावून विचारलं की फाइलीत दोन आठवडे मोकळे का दिसतात. मिस्त्री येत नाहीत, हे बाईंनी सांगितलं नाही. स्टाफरूममध्ये मिस्त्री समोरून गेले तर नमस्कार करायचे, पूर्वीसारखाच, आणि तो नमस्कार बाईंना चपराकीसारखा लागायचा. आपण बरोबर आहोत हे त्यांना ठाऊक होतं. कागदावर आकडे होते. मग सुटल्यासारखं का वाटत नाही, हे काही त्यांना कळेना.

शेवटी त्यांनी ठरवलं की मुलांनाच विचारावं. एका सकाळी त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही, पुस्तक उघडायला सांगितलं नाही. टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना विचारलं की माप घेताना टेप कुठून धरता.

वर्ग गप्प. सव्वीसातली एकही मान वर होईना. बाईंनी पुन्हा विचारलं, या वेळी जरा जोरात. कोणीतरी पुटपुटलं, शून्यापासून. दुसऱ्याने लगेच मान डोलावली. कार्यशाळेत काय करता, असं विचारल्यावर पुन्हा सगळे गप्प. बाईंच्या कपाळाची शीर उडायला लागली. इतका साधा प्रश्न, उत्तर द्यायला होतंय काय यांना. तुमच्या मनात काही शंका होती तर ती वर्षभरात कोणी विचारली का नाही, असं त्या चिडून म्हणाल्या.

मागच्या बाकावरून मावशी उभ्या राहिल्या. त्यांना सगळेच मावशी म्हणायचे, बाईसुद्धा, जरी दोघींचं वय सारखंच होतं. मावशी एका पॅकिंगच्या कारखान्यात पंधरा वर्षं काम केलेल्या. कारखाना बंद पडल्यावर नवं काम शिकायला इथे आल्या होत्या. तोलून-मापून बोलायच्या.

“बाई, विचारली होती,” मावशी म्हणाल्या. “मीच विचारली होती, मागच्या वर्षी. टेप शून्यावर धरायची की एकवर, असं. तुम्ही म्हणालात, हे तर बालवाडीतल्या पोरालाही कळतं. सगळे हसले. त्यानंतर कोणी विचारलं नाही.”

बाईंना आठवलं. प्रश्न नव्हता आठवला, हसणं आठवलं. वर्ग हसला तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं, बऱ्याच दिवसांनी वर्ग हसला होता म्हणून.

“तुमच्या तासाला आम्ही शून्य धरतो,” मावशी पुढे म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्या नुसतं सांगत होत्या. “मिस्त्रींच्या तासाला एक धरतो. दोघांचंही मन राखायचं म्हणून. आता परीक्षेत कोणाचा तास असतो, ते आम्हाला कसं कळणार?”

बाईंनी विचारलं की मिस्त्री एकपासून का धरायला लावतात, ते त्यांनी कधी सांगितलं का. हो, पहिल्याच दिवशी, मावशी म्हणाल्या. टेपांची टोकं गेलीत म्हणून. सगळ्या वर्गाला हे माहीत होतं. बाईंना तेवढं माहीत नव्हतं.

तास संपल्यावर त्या थेट कार्यशाळेत गेल्या. भिंतीवर खिळ्यांना चौदा टेपा लटकवलेल्या होत्या. त्यांनी एकेक काढून बघितली. टोकाचा पत्र्याचा हूक कुठे वाकलेला, कुठे निखळून दोऱ्याने बांधलेला. पट्टीवरच्या पहिल्या रेघा घासून पांढऱ्याफटक झालेल्या, काहींची टोकंच तुटून गेलेली. एका टेपची सुरुवातच मुळात चार मिलिमीटरपासून होती. अशा टेपने शून्यापासून माप घेणारा माणूस चुकलाच असता. एकपासून घेणारा वाचला असता.

मिस्त्री मागे येऊन उभे होते. तीन वर्षांपूर्वी नव्या टेपांचा अर्ज दिला होता, ते म्हणाले. नंतर पुन्हा दोनदा दिला. मग सोडून दिलं.

“मी पोरांना चुकीचं नाही शिकवलं, बाई. वाकड्या टेपने सरळ माप कसं घ्यायचं, ते शिकवलं.”

“मला तुम्ही त्या दिवशी हे का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.” मग ते म्हणाले, “आणि मीही हट्टाला पेटलो. सांगायला पाहिजे होतं.”

बाईंनी हातातली टेप खिळ्याला अडकवली. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. आपण त्या दिवशी फार घाईने बोललो, एवढंच त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी मान हलवली आणि एक स्टूल पुसून पुढे केलं.

आठवी बैठक बाईंनी कार्यशाळेतच घेतली आणि मावशींनाही बोलावलं. विद्यार्थ्याने बैठकीत बसायचं कुठे लिहिलेलं नाही, असं सर कुरकुरले, पण आले. टेपा मधल्या बाकावर ओळीने मांडल्या होत्या. बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी आपल्या वर्गातला तो प्रश्न आणि ते हसणंही. बोलताना त्यांचे कान तापले. मिस्त्रींनी आपली बाजू सांगितली. मग बाई म्हणाल्या की एक गोष्ट अजून कळत नाही. मुलं कार्यशाळेत एकपासून धरायला सरावली आहेत, मग परीक्षेत इतकी का गोंधळतात? टेपा तर त्याच.

“त्याच नसतात,” सर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. परीक्षेच्या खोलीत विषयाच्या शिक्षकांना जाऊ देत नसत. बाई आणि मिस्त्री दोघंही बाहेर असायचे. देखरेखीला आत असायचे ते ड्रॉइंगचे सर. बाहेरून येणारा परीक्षक नव्याकोऱ्या टेपा घेऊन येतो, ते म्हणाले. सीलबंद डब्यातून. मुलं ती टेप हातात घेऊन उलटीपालटी करतात, एकमेकांकडे बघतात, काही जण शून्यावर ठेवतात, मग काढून एकवर ठेवतात. दोन्ही वर्षी त्यांनी हे बघितलं होतं.

“सर, हे तुम्ही आधी का नाही बोललात?” बाईंचा आवाज चिरकला.

“मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल,” सर म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच पडला होता.

दोन महिने. दर मंगळवारी तिघं एकाच टेबलाभोवती बसत होते. एकाला टेपांची टोकं माहीत होती, एकाला परीक्षेतल्या टेपा माहीत होत्या आणि एकीला तो प्रश्न वर्गातच विचारला गेला होता. तिघांनी मिळून मोबाइलवर चर्चा केली होती. बाईंना रडू येईल असं वाटलं, पण आला तो संतापच, आणि तो कोणावर काढावा हेच कळेना. मावशी तेवढ्या शांत होत्या. आता आम्हाला दोन्ही नीट शिकवा, त्या म्हणाल्या, आणि आधी टेप बघायची, मग धरायची, हे एकदा एकत्र उभं राहून सांगा.

तसं केलं. दोन तास जोडून घेतले आणि सगळा वर्ग कार्यशाळेत उभा केला. बाईंनी घरून आपली आणि ताईची अशा दोन चांगल्या टेपा आणल्या. प्रत्येकाने एकच तुकडा जुन्या टेपने मापायचा, नव्याने मापायचा, शून्यापासून, एकपासून, आणि काय येतं ते लिहायचं. बाई फळ्याशी, मिस्त्री बाकाशी. मध्येच दोघांचं एका गोष्टीवरून जुंपलं आणि वर्ग टक लावून बघत राहिला, कारण दोन शिक्षक त्यांच्यासमोर असं कधी भांडले नव्हते आणि भांडून एका उत्तरावर आले नव्हते.

त्या आठवड्याचा वृत्तांत सरांनी चार पानं लिहिला. त्यात टेपा होत्या, आकडे होते, मंजूर न झालेल्या अर्जांचा विषय होता आणि बाईंच्या वर्गातलं हसणंही होतं. तो मॅडमकडून परत आला. टेपांच्या आणि अर्जांच्या पानावर कडेला पेन्सिलीने एक रेघ होती.

बाई भांडायच्या तयारीनेच मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडमनी त्यांना बसायला सांगितलं, दार लावलं. त्यांनी सलग तीन वर्षं लिहून दिलं होतं की कार्यशाळेतली साधनं पुरेशी आहेत. त्यांच्या सहीने. आता त्याच फाइलीत हे कसं ठेवायचं? त्यांचा आवाज दमलेला होता. टेपा मी आणते, त्या म्हणाल्या, परीक्षेआधी आणते. तेवढं ते पान काढा.

“मग या सगळ्याचा उपयोग काय, मॅडम? पुढच्या शाळेत हेच होत असेल. त्यांना कसं कळणार?”

“तुम्हाला टेपा हव्यात की पान?” मॅडमनी विचारलं.

बाईंनी कार्यशाळेत येऊन हे सांगितलं. मिस्त्री म्हणाले की टेपा घ्या, पानाने लाकूड मापता येत नाही. बाईंना ते पटलं आणि पटलं म्हणून आणखी चीड आली. मॅडमनी नवा वृत्तांत लिहायला सरांना सांगितलं, तेव्हा मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट घडली. सरांनी नाही म्हटलं. न झालेल्या चर्चा मी झाल्या म्हणून लिहिल्या, ते म्हणाले, पण झालेली बैठक झाली नाही असं माझ्या अक्षरात लिहिणार नाही. तेव्हा तो वृत्तांत मॅडमनी ऑफिसातून टाइप करून घेतला. त्यात पहिल्या रकान्यात एकाग्रतेचा अभाव होता आणि शेवटच्या रकान्यात एकाग्रता वाढली होती. वरच्या कार्यालयातले लोक आले, फाइल बघून खूश झाले आणि पुढच्या वर्षीपासून फॉर्मला आणखी दोन रकाने जोडले गेले.

टेपा आल्या. चौदा नव्हे, आठ. परीक्षेच्या दोन आठवडे आधी.

परीक्षेत एकोणीस चौकटी जुळल्या. मागच्या वर्षी अकरा जुळल्या होत्या. सात जुळल्या नाहीत, आणि त्यातली एक मावशींची होती.

बाईंनी यादी तीनदा वाचली. मावशींची मापं चुकणं शक्यच नव्हतं. मंगळवारी साडेतीनला मावशी आपली चौकट घेऊन कार्यशाळेत आल्या. बाईंनी पट्टी काढून चारही तुकडे मोजले. बिनचूक. मिस्त्रींनी चौकटीच्या कोपऱ्यात गुण्या लावला आणि काटकोन बघितला. तीन कोपरे बरोबर होते. चौथ्यात उजेडाची बारीक फट दिसली. सांधा किंचित तिरका कापला गेला होता, आणि तेवढ्याने सगळी चौकट पिळवटली होती.

मिस्त्री म्हणाले की करवत घाईने चालली असेल. सर म्हणाले की शेवटच्या अर्ध्या तासात सगळेच घाबरतात. बाई म्हणाल्या की इतकं बिनचूक मापल्यावर एवढ्याशा फटीसाठी नापास करणं हा शुद्ध अन्याय आहे, आणि त्या परीक्षकाला पत्र लिहिणार आहेत. तिघंही एकदम बोलत होते. मावशींनी कोणाकडे बघितलं नाही. त्यांनी गुण्या मिस्त्रींच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः चौथ्या कोपऱ्याला लावला. मग चौकट उलटी करून दुसऱ्या बाजूने लावला. त्यांचे डोळे लाल होते, पण हात स्थिर होते.

“मला घाई नव्हती,” त्या म्हणाल्या. “वीस मिनिटं उरली होती. घाबरलेही नव्हते. हे कसं झालं, मला माहीत नाही. आणि तुम्हालाही माहीत नाही.”

 बाईंना परीक्षेचा राग आला होता, मॅडमचा आला होता, आठच आलेल्या टेपांचा आला होता, आणि हे सगळे राग एका बारीक फटीपुढे निरुपयोगी होते. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा होती. मावशींनी चौकट उचलून काखेत धरली आणि दाराशी जाऊन थांबल्या.

“पुढच्या मंगळवारी तसाच लाकडाचा तुकडा घेऊन येते,” त्या म्हणाल्या. “मी कापेन, तुम्ही तिघांनी बघा. तोवर कोणी काही ठरवू नका.”